सोन्याचं पीक

प्रयोग फसला की किस्सा हाती लागतो. आमचे प्रयोग इतके फसले, की शोधनिबंधांपेक्षा किस्सेच जास्त झालेत!

आमच्या चिंचवडच्या लॅबमध्ये आम्ही तिघंच. मॅडम, त्यांच्याकडे पीएचडी करणारा रहाटणीचा संदेश आणि मी. काम सांगायला सोपं. जड आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेले वजनदार अणू, सोन्याच्या पातळ फॉइलवर वेगात आदळवायचे आणि निघणारे एक्स-रे मोजायचे. जमलं की स्क्रीनवरच्या आलेखाला एक सुळका येतो. त्याला आम्ही म्हणतो पीक. संदेशची सगळी पीएचडी त्या पीकवर अडकलेली. आयन पळवणारी मशीन परराज्यात, आणि तिथं मिळालेल्या या शेवटच्या शिफ्ट.

*

प्रयोगाचा स्टीलचा डबा चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतला. मालक शेळकेभाऊंनी विचारलं, "आत काय ठेवणार?"

"काहीच नाही. आतली हवासुद्धा काढून टाकणार."

भाऊ जाड पत्र्याकडे बघत राहिले. "मग एवढा मजबूत कशाला? आत काही नाही तर चोरणार काय, राव!"

*

आम्ही त्या फॉइलला टार्गेट म्हणतो. संदेशचा एक मित्र हिंजवडीत सेल्समध्ये आहे. संदेश त्याला म्हणाला, "आमचं टार्गेट इतकं पातळ, की फुंकर मारली तरी उडतं."

मित्राने हात जोडले. "भावा, आमच्या मॅनेजरला एकदा भेट ना!"

*

आणि ते खरंच उडालं! शेवटच्या वारीला दोनच फॉइल नेल्या होत्या. पहिली लावताना संदेशला शिंक आली. सोनं गेलं ते गेलंच. त्याचा चेहरा पांढराफटक.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दुसरी लावताना श्वाससुद्धा मला विचारून घ्यायचा."

*

दुसरी लागली. मशीन सुरू झाली आणि स्क्रीनवर झकास पीक! आम्ही टाळ्या पिटल्या. मॅडमनी चष्मा वर केला.

"हे सोनं नाही, लोखंड आहे. आयनांचा झोत फॉइलऐवजी डब्यावर आदळतोय. चाकणचा माल चांगला आहे हं!"

*

राहिली एक शिफ्ट. झोत सरळ करेपर्यंत संदेशने राजगुरुनगरला मामांना फोन लावला. मामा कांदा लावतात, आणि भाच्यावर भारी जीव.

"मामा, पीक येत नाहीये."

"पेरून किती दिस झालं?"

"तीन वर्षं."

"तीन वर्सं? आरं, मग ते रान सोड की!"

संदेश हसला नाही. रान सोडायचं त्याच्याही मनात येऊन गेलं होतं.

तासाभराने स्क्रीनवर, बरोबर हव्या त्या जागी, सुळका वर आला. मॅडमनी दोनदा तपासलं आणि नुसती मान हलवली. मला तर खुर्चीत बसवेना. संदेशने रडत रडतच फोन स्पीकरवर लावला. "मामा, पीक आलं! सोन्याचं!"

"व्हय? समद्यांचंच आलंय, का तुज्या एकट्याचं?"

"माझ्या एकट्याचंच, मामा!"

"मंग पोरा, औंदा भाव मिळंल!"