काळ्या मातीचे पोपडे

पहिला पोपडा पडला तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की माती नीट मळली गेली नसेल. दुसरा पडल्यावर गोंद बदलला. तिसऱ्या वेळी चांगला हातभर तुकडा फळीवरून सुटून फरशीवर आपटला आणि माझ्या तोंडून शिवी गेली. आई शेजारीच गुडघ्याला शेक घेत बसली होती.

"काळी माती कुठं भिंतीला लावत्यात व्हय?" ती म्हणाली. "उन्हाळ्यात रानाला भेगा पडत्यात, आख्खा हात जातो आत. तुझी फळी काय येगळी हाय?"

हे ती आठ दिवसांपासून सांगत होती. आणि मी आठ दिवसांपासून तिला सांगत होते, की आई, ही भिंत नाही, ही कला आहे.

शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. आता कुठे नगरच्या एका प्रदर्शनात माझ्या एका कामाला जागा मिळाली होती. सहा फुटांची फळी, तिच्यावर कर्जतकडच्या आमच्या शेतातली माती, गोणपाट, ज्वारीची धाटं, करडईची वाळकी बोंडं, बोरीच्या काट्या आणि मधूनमधून रंग. लहानपणी पाहिलेलं रान त्या रानातल्याच वस्तूंनी उभं करायचं, अशी कल्पना. टेम्पो रविवारी सकाळी यायचा होता. फळी तयार नसली तर जागा दुसऱ्याला जाणार, आणि मी पुन्हा पाचवीच्या वह्यांतले मोर तपासत बसणार.

शेवटी शरण गेले. आईच्या हुकमावरून गवळ्याकडून शेण आणलं, गव्हाचा भुसा आणला. मातीत कालवून चिखल दोन दिवस बादलीत मुरवला. घरभर असा वास सुटला, की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, "काही मेलंय का हो?" मी कलेची पदवी घेतलेली बाई. मुलांना माध्यमांवर तास तास व्याख्यान देते. आणि आमच्या गावात दहा वर्षांच्या पोरीला कळतं, ते मला कळत नव्हतं. आई बादलीत हात घालून चिखल चाचपायची आणि "अजून न्हाई" एवढंच म्हणायची, एखाद्या परीक्षकासारखी.

फळीवर थापलेला तो चिखल शनिवारी दुपारी वाळला. एकही भेग नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण आला तो राग. तिचं खरं ठरलं याचा राग.

फळीशेजारी लावायला चार ओळींचा मजकूर हवा होता. तो मी तिला वाचून दाखवला: आईबरोबर शेतात राबताना मातीशी माझं नातं जुळलं.

"कोन राबलं?" आई म्हणाली.

"अगं, म्हणजे आपण."

"तू? तुला बांधावर बोरीखाली बसवत हुते मी. सावली तेवढीच हुती. घडीभरानं भोकाड पसरायचीस. मग धाटं सोलून गाड्या करून द्यायची, तोंड गप ऱ्हावं म्हनून."

तशा तीन गाड्या मी फळीवर चिकटवल्या होत्या. धाटाच्या मऊ गाभ्याच्या, चाकांसकट. त्यांच्याविषयी 'निसर्गानं माझ्या हाती दिलेलं पहिलं माध्यम' असंही लिहिलं होतं. चडफडत ती ओळ खोडली, मग वरचीही खोडली. कागदावर फक्त माझं नाव उरलं.

"बरं, मग तूच सांग," मी वैतागून म्हटलं. "तुला काय आठवतं त्या रानातलं? तेच लिहिते."

मला वाटलं, पाखरं सांगेल, नाहीतर हुरड्याचे दिवस.

"मला काय आठवनार? मान खाली घालून ज्वारी उपटायची. मान वर केली की तुझ्याकडं बघायची. त्या बांधाला लई साप हुते, जीव सगळा तितं. रान असं निवांत कवा बघितलंच न्हाई मी."

मग ती भिंतीला धरून उठली. फळीजवळ गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहत राहिली.

"चांगलं दिसतंय की आपलं रान," ती म्हणाली.

मीही तिच्या मागे उभी राहून पाहिलं. बोर होती, करडई होती, धाटं होती, गाड्या होत्या. मान खाली घालून ज्वारी उपटणारी बाई तेवढी कुठेच नव्हती. सकाळी आठला टेम्पो यायचा होता, आणि बादलीत चिखल उरला नव्हता.