गॅस झाली

आमच्याकडे छातीत काहीही झालं की त्याला गॅस म्हणतात. जीव घाबरला, गॅस. हात थरथरले, गॅस. त्यावर औषध ठरलेलं, ओवा आणि काळं मीठ. आरोग्य खात्यात लागल्यापासून हा शब्द लोकांच्या तोंडातून काढून टाकणं हेच माझं काम होऊन बसलं आहे.

चिचगडच्या पलीकडच्या गावांत, अंगणवाडीत बायकांना बसवून मी मनाचे आजार समजावते. "उदास वाटतं का?" असं विचारलं तर एक हात वर होत नाही. "करमते का?" असं विचारलं की बायका बोलतात. कित्येक आठवडे करमत नाही, जेवण नको, पहाटेच जाग येते, आपण कोणाच्या कामाचे नाही असं वाटतं, ते नैराश्य. कारण नसताना सगळ्याचीच काळजी, झोप नाही, पोटात कायमचा गोळा, तो चिंतेचा आजार. हात धुतले तरी धुतलेच नाहीत असं वाटून पुन्हा पुन्हा धुणं, तो मंत्रचळ. नसलेले आवाज ऐकू येणं, घरचेच जिवावर उठलेत अशी खात्री पटणं, हा मोठा आजार. तिथं अंगात आलं म्हणून महिने घालवायचे नाहीत. आणि एकाएकी छाती धडधडणं, श्वास अडकणं, हातापायाला मुंग्या, 'आता मेलेच' असं वाटणं आणि थोड्या वेळानं ओसरणं, ते घबराटीचे झटके. आधी हृदय तपासायचं. ते ठीक असलं तर मनाच्या डॉक्टरकडे जायचं. शेवटी मी नेहमी म्हणते, "यात लाजण्यासारखं काही नाही."

हे सांगणाऱ्या मला गेल्या उन्हाळ्यापासून झटके येत होते. पहिला सडक अर्जुनीच्या अलीकडे, एसटीत. गाडी थांबवायला लावली आणि एका ढाब्यासमोर उभ्या ट्रकच्या सावलीत बसून राहिले. पुढे हृदयाची पट्टी, ईसीजी, काढली, ती चांगली आली. डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, ते मी घरी सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, गॅस. बस सोडली, स्कूटी धरली.

यंदा धानाची रोवणी आटोपल्यावर एका गावात बैठक घेतली. पुढे एक तरुण सून बसली होती. शेतात, बांधीत वाकलं की, बाजारात गर्दी झाली की तिला असेच झटके यायचे. हृदय तपासून झालं होतं. गुरुवारी मी तिला गोंदियाला मनाच्या डॉक्टरकडे नेणार होते. सासू राजी नव्हती, पण ऐकायला आली होती. मी 'श्वास अडकणं' इथवर आले आणि माझाच श्वास अडकला. हातातला तक्ता पडला. कोणीतरी पाणी दिलं.

"का झालं वो मॅडम?"

"काही नाही. गॅस झाली."

एकदम हशा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "घ्या! मॅडमलेबी गॅसच होते. अन् आमाले सांगते मनाचा आजार!"

सासू सुनेकडे वळली. "आयकलं? तुलेबी गॅसच होय. गोंदियाले कायले जातेस? ओवा खा."

सून माझ्याकडे पाहत राहिली. मी पाणी पीत राहिले.

गुरुवारी ती थांब्यावर आली नाही. मी तिच्या घरी गेले. ती अंगणात भांडी घासत होती, सासू दारात बसली होती.

"मला गॅस नव्हती," मी उभ्यानंच म्हणाले.

"मंग का होतं?" सासूनं विचारलं.

"हिला आहे तेच."

"बाप्पा! मंग तुमी गोळ्या खाता?"

"नाही. मनाच्या डॉक्टरकडे गेलेच नाही."

"काऊन?"

"लाज वाटली."

"वा! तुमाले लाज वाटते, अन् माह्या सुनेनं बिनलाजं व्हावं?"

सुनेचे हात राखेत थांबले होते. मी म्हणाले, "आज माझाही केसपेपर काढते. हिच्यासमोर."

सासूनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "मंग मीबी चलते. पाहाले."

सून उठली आणि हात धुऊन लुगडं बदलायला आत गेली.

आम्ही तिघी बसनंच गेलो. मी आणि सून दोघी पुढच्या सीटचा एकच दांडा धरून बसलो होतो. कोण कोणाला धीर देत होतं ते सांगता येणार नाही. दवाखान्यात खिडकीवरचा माणूस मला ओळखतो. माझ्याबरोबर आलेल्या कितीतरी बायकांची नावं त्यानं लिहिली आहेत.

"आइए मॅडम. आज किसको लाए?"

मी सुनेकडे बोट दाखवलं. तिचं नाव लिहून झालं. बोट तसंच राहिलं होतं, ते खाली घेतलं आणि म्हणाले, "आणि माझं."

आवाज इतका खाली गेला होता की त्याला ऐकू आलं नाही. "किसका?"

मागे रांग होती. रांगेत आमच्या भागातल्या दोघी-तिघी होत्या. सासू कोपर खिडकीला टेकवून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं सांगावं लागलं.