पहिला महिना

मी गावची आशा वर्कर. दिवस राहिलेल्या बाईचं नाव रजिस्टरात चढवायचं, तिच्या हातावर गोळ्या ठेवायच्या, हे काम मी कितीतरी वर्षं मान वर करून केलं.

धाकटी बहीण चिमूरकडच्या एका गावात दिलेली. तिचा नवरा तलावावर मासे धरतो. तिसरा महिना लागल्यावर तिचा फोन आला. दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं गेले, नाव नोंदवलं, गोळ्या सुरू करून दिल्या. तिनं एकही चुकवली नाही.

मुलगी झाली. कमरेच्या थोडं वर, पाठीवर पातळ कातडीची गाठ होती. आतलं पाणी दिसायचं. नर्सनं ओल्या पट्टीनं ती झाकली आणि आम्हाला नागपूरला पाठवलं. ऑपरेशन झालं, पोर जगली. पाय मात्र हललेच नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फॉलिक ॲसिडची गोळी कधी सुरू केली?"

"तिसऱ्या महिन्यात. मीच दिली," मी ताठ्यानं म्हटलं.

त्या म्हणाल्या, "बाळाच्या पाठीचा कणा पहिल्याच महिन्यात जुळून बंद होतो. गोळी त्याच्या आधीपासून पोटात हवी, दिवस राहायच्याही आधी. सगळीच बाळं त्यानं वाचतात असं नाही, पण बरीच वाचतात."

पहिल्या महिन्यात कोणत्या बाईला दिवस राहिल्याचं ठाऊक असतं?

खाटेवरून बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुले मालूम होतं?"

"नाई."

"मंग इतके वर्षं तू गावाले काय वाटून राह्यली?"

प्रशिक्षणात कुणी सांगितलंही असेल, एखाद्या वाक्यात. पण आमचं रजिस्टर दिवस राहिल्यावरच उघडतं.

घरी बहिणीच्या सासूनं ग्रहणावर खापर फोडलं, "गरनात भाजी चिरली असंन हिनं." सासूला बहीण एका शब्दानं उलटून बोलली नाही. सगळा राग माझ्यावर. पुढं वर्षानुवर्षं मी गेले की पाण्याचा गिलास पुढं करायची आणि पोरीला कडेवर घेऊन तलावाकडे निघून जायची. मी रिकाम्या घरात सासूपाशी बसून परत यायची.

मी नव्या सुनांना आधीच गोळ्या द्यायला निघाले. एका सासूनं मला दारातच अडवलं. "लगीन होऊन पंधरा दिस नाई झाले, अन् गोळ्या? माह्या सुनेत खोट हाये काय?" मीटिंगमध्ये विषय काढला, तर साहेब म्हणाले, नव्या नवरीसाठी रकानाच नाही. बाया हसल्या. मीही हसले, त्याची लाज अजून जात नाही.

पोरगी आता सात वर्षांची आहे. डोक्यानं तल्लख. लघवी झालेली तिला कळत नाही. बाप सायकलवर बसवून शाळेत न्यायचा. पोरं नाक दाबायला लागली तशी ती घरी बसली. तेव्हा कुठं बहिणीचा फोन आला. "बाई, मास्तरले तू सांगून पाहाय. माह्यं कोणी आयकत नाई."

मी गेले. मास्तर भले होते, तिला परत वर्गात घ्यायला चटकन तयार झाले. त्यांनी पोरीची बसायची पट्टी दाराजवळ टाकली, बाकीच्यांपासून चार हात लांब.

तिनं मला विचारलं, "मावशी, मी इथीच काऊन?"

"इथी हवा लागते," मी म्हटलं.

तिनं एकदा पोरांकडे पाहिलं आणि पाटी मांडीवर ओढली.