क्लेमने हार मानली तो रविवार

कॅझ विस्निएव्स्की डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाला तेव्हा त्याला एक घड्याळ मिळालं. ते त्याने कपाटात टाकून दिलं, कारण त्याचा सगळा आठवडा रविवारच्या दुपारवर चालायचा. रविवारी तळघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरायची, तिखट मसाला थापून वाफवलेले खेकडे त्यावर ओतायचे आणि मेहुण्याशी भांडायचं.

मेहुणा म्हणजे क्लेम होर्वाथ, कॅझच्या बहिणीचा, रेजिनाचा नवरा. उभा जन्म बाल्टिमोरात काढला, तरी खेळात गडी क्लीव्हलंडचा तो क्लीव्हलंडचाच. भांडण एकच: पाळीपाळीने सामना सुरू करणाऱ्या पिचरांचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांचा, बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत भारी ताफा कोणाचा? कॅझ म्हणे, आमची बाल्टिमोरची एकाहत्तर सालची चौकडी. चौघांनीही एकाच मोसमात विजयांची विशी गाठली. क्लेम म्हणे, आमचा चोपन्न सालचा ताफा. तुमचं गाडं चौथ्यावर थांबतं, आमचा पाचवा, म्हातारा फेलर, तोसुद्धा तेरा जिंकून तीनच हरला. दोन्ही संघ त्या त्या वर्षी अंतिम मालिकेत आपटले होते, पण हा विषय त्या टेबलावर कोणी काढत नसे. काही गोष्टी चांगल्या घरात बोलत नाहीत.

क्लेमला खेकडा फोडता येत नसे. रेजिना फोडून द्यायची. ती गेली त्यानंतरच्या रविवारपासून कॅझ फोडून देऊ लागला. हे कोणी ठरवलं नाही, कोणी त्यावर बोललंही नाही. भांडता भांडता कॅझ पांढरं मांस काढून पुढे सरकवी आणि ते खात खात क्लेम त्याला मूर्ख म्हणे.

या उन्हाळ्यात क्लेमच्या मुलीने, मार्सीने, क्लीव्हलंडहून लकडा लावला: बाबा, एकटे काय करता तिथे, इकडे राहायला या. मंगळवारी ती गाडी घेऊन न्यायला येणार होती. कॅझला हे कळलं ते बायकोकडून, लॉरेनकडून. क्लेमने सांगितलं नाही, कॅझने विचारलं नाही. आमच्याकडचे पुरुष असलं विचारत नाहीत. छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जातात.

त्या रविवारी कॅझने नेहमीसारखं मांस काढून पुढे केलं.

"राहू दे," क्लेम म्हणाला. "माझं मी फोडतो."

त्याने लाकडी हातोडी अशी हाणली की एक नांगी थेट फ्रिजमागे गेली. मग कवचाचे तुकडे निवडत तो म्हणाला, "कॅझ, तुझंच खरं. तुमची चौकडीच भारी."

या दिवसासाठी कॅझने एक छोटं भाषण कधीपासून तयार ठेवलं होतं. त्यातला शब्दही त्याला आठवेना. सामान बांधून झाल्याशिवाय माणूस असं बोलत नाही.

"डोकं फिरलंय का तुझं?" तो ओरडला. "एकशे अकरा सामने जिंकलेत तुम्ही चोपन्न साली! लेमनने एकट्याने तेवीस, विनने तेवीस!"

"पण विशी गाठणारे दोघंच."

"मग काय झालं? आमच्या चौघांना बॅटवाल्यांनी धावांची रास घालून दिली होती! तेवढ्यात कोणीही जिंकेल!"

लॉरेन जिन्यातच थबकली. नवऱ्याला झटका आला असं तिला वाटलं.

"आणि तुमचा तो गार्सिया," कॅझ म्हणाला, "त्यानेही सतरा जिंकले."

क्लेमची हातोडी हवेतच राहिली. "किती?"

"सतरा."

"एकोणीस! एकोणीस, गाढवा! इतकी वर्षं तुझ्यापुढे घसा कोरडा केला आणि तुला गार्सियाचे एकोणीस माहीत नाहीत?"

कॅझला ते स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ होते.

"मला सतराच आठवतात," तो म्हणाला. "तू गेलास की सगळ्यांना सतराच सांगणार. इथे मला अडवायला कोण आहे?"

क्लेमने हातोडी खाली ठेवली. त्याच्या चष्म्यावर मसाला उडाला होता.

"जाऊ नकोस ना रे," कॅझ म्हणाला. हे तो समोरच्या खेकड्याकडे बघत म्हणाला. "रेजिना गेली. आता तूही निघालास तर मी कुणाशी भांडू? लॉरेन लगेच हो म्हणते."

"लगेच नाही म्हणत," जिन्यातून लॉरेन म्हणाली.

क्लेमने चष्मा शर्टाला पुसला, त्याने तो जास्तच बरबटला, आणि तसाच डोळ्यांवर चढवला.

"मघाचं मी मागे घेतो," तो म्हणाला. "तुमचं गाडं चौथ्यावर थांबतं म्हणजे थांबतंच. जेवण झालं की मार्सीला फोन करतो. मंगळवारी नुसती भेटायला ये म्हणतो."

आणि चेंदामेंदा झालेला आपला खेकडा त्याने कॅझपुढे ढकलला.

"हा फोड. बोलताना मला हात मोकळे लागतात."