अर्थ झाला, आता उत्पत्ती

"अर्थ झाला, आता उत्पत्ती ऐका!" असं म्हणत आमचे साहेब तर्जनी वर करायचे आणि हातातला चहा गार होईपर्यंत सुटका नसायची. जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात ते आमच्या शॉपचे, म्हणजे विभागाचे, प्रमुख. रोज एक इंग्रजी शब्द आमच्या डोक्यावर मारायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील आणि हसून सोडून दिली असतील. मला ते जमलं नाही.

त्यांचा लाडका शब्द 'सॅबोटाज'. अर्थ, मुद्दाम केलेली मोडतोड. उत्पत्ती अशी की, फ्रान्सचे चिडलेले कामगार म्हणे पायातले लाकडी जोडे, त्यांच्या भाषेत 'साबो', यंत्रात फेकत. लढाई सुरू झाली आणि या शब्दाला भलताच भाव आला. पाना हरवला, सॅबोटाज. दिवा गेला, सॅबोटाज. आम्ही पाठीमागे हसायचो.

दरवर्षी खंडेनवमीला आम्ही मशिनी थांबवून त्यांना हार घालत असू. त्या वर्षी लढाईमुळे थांबायचं नाही, असा हुकूम होता. लेथवरच्या रघुभाऊनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, चपला काढून मशीनमागे सरकवल्या आणि अनवाणी काम सुरू केलं. हादऱ्यांनी एक चप्पल सरकत पट्ट्यात गेली. पट्टा तुटला, लेथ बंद.

साहेब धावत आले. यंत्रात चप्पल! एवढा आनंद त्यांच्या तोंडावर पोरीच्या लग्नातही दिसला नव्हता.

"साहेब, आज खंडेनवमी," रघुभाऊ हात जोडून म्हणाला. "मशीनपुढं चप्पल घालून काहून उभा राहू? तुमी तं आपलेच आहा, बड्या साहेबाले सांगा नं."

तेवढ्यात बडे साहेब आलेच. ते परप्रांतातले, त्याच वर्षी बदलून आलेले, त्यांना खंडेनवमी ठाऊक नव्हती. आमच्या साहेबांना होती. सकाळी त्यांच्या सायकलवर झेंडूचा हार मीच पाहिला होता. मी तसं म्हणालो, तर "आप बीच में मत बोलिए!" असं गुरकावून त्यांनी तर्जनी वर केली आणि बड्या साहेबांना फ्रान्सच्या जोड्यांची उत्पत्ती सांगितली. खंडेनवमीची सांगितली नाही.

रघुभाऊची नोकरी गेली, क्वार्टर गेलं. शहरातल्याच गोहलपुरात लोखंडी जाळ्या घासत तो म्हातारा झाला. साहेबांना बढती मिळाली. पुढे एका जाड शब्दकोशात वाचलं, की जोडे फेकल्याच्या त्या गोष्टीला पुरावाच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निवृत्तीनंतर साहेब जबलपुरातच, विजय नगरला राहायचे. त्यांना शेवटचं पाहिलं, तेव्हाही खंडेनवमीच होती. थरथरत्या हातांनी ते स्कूटरला हार घालत होते, अनवाणी. क्षणभर कीव आली. मग रघुभाऊ आठवला.

फाटकातूनच विचारलं, "साहेब, चपला काहून काढल्या?"

सवयीनं तर्जनी वर गेली. मग त्यांनी मला ओळखलं, आणि बोट हळूहळू खाली आलं.