बंडीवर चढलेली यारी

हे नारायणा! शेषाच्या मस्तकी पृथ्वी ठेवून तू निश्चिंत निजतोस, कारण भार वाहणाऱ्यावर तुझा भरवसा आहे. त्या भरवशाला वंदन करून धनजच्या जगदेव सुताराची कथा सांगतो.

जगदेवाने आयुष्यभर नांगर घडवले, तिफणी घडवल्या, लेकुरवाळ्यांचे पाळणे घडवले. पुढे कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला. तीन बोटे गेली आणि लाकूड तासायचा वाकस हातात ठरेना. गावाने काही काळ सांभाळून घेतले. गावकामाचे साल अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नारळ देऊन ठरे. मग पाटील मारोतराव एकदा म्हणाले, "जगदेवा, अखजीपासून गावचं काम कामरगावच्या सुताराले देतो. तुह्या हातानं आता होत नाही, बाबू."

जगदेवाच्या मनात एकच आले. सुतारकी गेली, तर माणूस म्हणून उरायचे काय?

त्या चैत्रात गावच्या गोड्या विहिरीत काठाची मोठी शिळा कोसळली आणि झरा दबला. बायका पाण्यासाठी नाल्याच्या वाळूत झिरे खोदू लागल्या. माणसांनी दोर लावून शिळा ओढून पाहिली, दोर तुटले. जगदेवाच्या डोळ्यांपुढे मात्र जिनिंगमधली यारी उभी होती: उभा खांब, वर तिरपा दांडा, टोकाला कप्पी, खाली साखळी गुंडाळणारी फिरकी. एकटा माणूस फिरकी फिरवतो आणि कापसाची गाठ अधांतरी उठते. पण काठाची माती ढासळलेली, तिथे खांब रोवणार कसा? म्हणून त्याने यारी आपल्या बंडीवर, बैलगाडीवरच, चढवायचे ठरवले. बंडी पक्क्या जमिनीवर राहील, दांडा तेवढा मागून विहिरीवर जाईल.

मंगरूळपीरच्या जमशेद लोहाराने फिरकीसाठी दात्यांचे चाक आणि ते उलटे फिरू न देणारी खीळ घडवून दिली. "जगदेवभाऊ, लोहा मेरा पक्का है. लकडी तुम देखो," तो म्हणाला. सागाचा खांब जगदेवाने डाव्या हाताने तासला.

अखजीच्या आदल्या दिवशी सारे धनज विहिरीपाशी लोटले. जगदेवाच्या बायकोने, रंगूबाईने, बंडीला हळदकुंकू वाहिले. नव्या कामाला पुजलेल्या बंडीचे बैल ते काम उरकेपर्यंत सोडायचे नाहीत, हा त्यांच्या घरचा रिवाज. बैल जुंपलेलेच राहिले. त्यांच्या मानेवर जू जड पडू नये म्हणून जगदेवाने बंडीच्या पुढच्या बाजूला वजनही ठेवले नव्हते.

साखळी शिळेला बसली. बांधणारे विहिरीतून वर आले. चाकांखाली दगड लागले. जगदेवाने फिरकी फिरवली, शिळा हलली. आणि बंडी मागे उलाळली! जू वर उठले, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळले, पुढचे पाय जमीन सोडू लागले.

"अवो, बैल मरून राह्यले!" रंगूबाई ओरडली.

जगदेवाने खीळ काढली, तुटक्या पंजाने फिरकी छातीशी दाबून धरली आणि शिळा हळूहळू परत तळाशी टेकवली. बैल उभे राहिले, धापा टाकत.

"झालं?" गर्दीतून कोणी म्हणाले. "आता कामरगावचीच वाट पाहा."

रंगूबाई पुढे झाली आणि तिने पट्टे सोडले.

"अगं, पुजेची बंडी आहे. काहून सोडतेस?" जगदेव म्हणाला.

"देवानं पूजा मागतली, बैलाचा गळा नाही मागतला!" बैल बाजूला नेऊन ती स्वतः जुवावर बसली. "कडबा मागं जड झाला का आपण पुढं बसतो, तसं बसा ना! मी एकटी काय पुरतो?"

जगदेवाला हसू फुटले. "पाटील, गावात वजनदार तुमीच. या!"

"बेट्या, मलेच दगड करतं काय?" म्हणत मारोतराव धोतर सावरून बसले. त्यांच्यामागे आणखी माणसे धुरेवर चढली. जगदेवाने पुन्हा फिरकी धरली. दात्यामागे दाता चढला, खीळ टकटक बोलू लागली, बंडी जागची हलली नाही. शिळा काठाच्या वर येताच विहिरीच्या तोंडावर फळ्या सरकवल्या आणि ती त्यांवर निजवली. खाली झरा मोकळा झाला. पाणी आले, ओंजळभर, मग घागरभर.

पाटील जुवावरून उतरले. "कामरगावले निरोप धाडा, येऊ नको म्हणा. जगदेवा, उद्या अखजीचा नारळ तुलेच."

नारायणा, या जगदेवाच्या अंगणात सागाच्या ढलप्या नित्य पडोत. रंगूबाईचे कुंकू आणि तिची जीभ दोन्ही अशीच तेजाळ राहोत. गोठ्यातले बैल सुखाने रवंथ करोत, लेकरांच्या ताटी भाकर असो आणि त्या घरावर तुझी सावली अखंड राहो.