साहेबाच्या उंबऱ्यावर कोळसा

मंडळी, आज गिरणीच्या वाचनालयातल्या फळ्यावर सुविचाराऐवजी माझा अनुभव लिहितो.

सकाळी चपराशी आला. "साहेबानं बंगल्यावर बोलावलं. कोळशाचा खडा घेऊन येजो."

मी बॉयलरवर काम करतो. कोळसाचोरीवरून परवाच एकाला कामावरून काढलं. स्वराज्य आलं तरी साहेबाच्या बोलावण्याची धास्ती वाटतेच.

दारात आमचे स्कॉटलंडचे साहेब चौकड्याचा घागरा नेसून उभे. मागे त्यांच्या मुलखाची मंडळी. एकानं काखेतली पिशवीची सनई दाबली, तशी ती किंचाळली. मी पळणारच होतो.

चपराशी म्हणाला, "भिऊ नको. आज यांचं नवं वर्ष. काळ्या केसांचा माणूस कोळसा घेऊन पहिला घरात आला, का वर्ष चांगलं जाते."

"अन् वाईट गेलं तर?"

त्यानं मला पुढं ढकललं. मी खडा हातात धरून उंबरा ओलांडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी बायकोला सांगितलं, वर्षभर माझ्या जिवाला घोर लागला.

ती म्हणाली, "मी या घरात आली त्या वर्षी म्हैस मेली. तवा तुम्ही सारे माह्या पायगुणाले बोलले."

मला एकच वर्ष भ्यायचं आहे, ती अजून भिते. तुमच्या घरी कोण भितं?